मला सुतक आहे

दत्ताराम गेला तेव्हा मी चिपळूणच्या मासळीबाजारात बांगड्यांपुढे उकिडवा बसलो होतो. सकाळचे साडेनऊ झाले असतील. घरातून निघताना तो पायरीवर बसून दाढीचं सामान पुसत होता आणि मला म्हणाला होता, "डोळे बघून घे. आणि बोलत बसू नको." डोळे बांगड्यांचे, बोलणं माझं. मी अर्थातच बोलत बसलो. मासळीवाल्या मावशीच्या जावयाची चौकशी चालली होती, तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या माधुरीवहिनी. "काका, असाल तिथून या. दत्ताकाका पायरीवरच बसलेत, पण हाक मारली तर ओ देत नाहीत." रिक्षा करून चढाव चढून पोचलो, तर तो खरंच बसलेला होता, खांबाला टेकून, मांडीवर टॉवेल. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्यांना कळलंही नसेल. माणसं जाताना काहीतरी मोठं बोलून जातात म्हणे... आमचा दत्ताराम 'बोलत बसू नको' म्हणून गेला. आज पाच आठवडे झाले. त्याचं बाकी सगळं ऐकलं, हे मात्र ऐकणार नाही. आज मी बोलणार आहे.

दत्ताराम माझा मित्र होता, असं चिपळुणात कोणीही सांगेल. पन्नासला एक कमी, इतकी वर्षं मीही तेच सांगत आलो. ते अगदीच खोटं होतं असं नाही, पण जेवायला बोलावून नुसतं पाणी वाढावं तसलं ते सांगणं होतं. खरं सांगायचं तर माझं त्याच्यावर प्रेम होतं आणि त्याचं माझ्यावर. वयाच्या बाविसाव्या वर्षापासून होतं, आणि ते मला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळलं. कळलं कसलं, मान्य केलं. आणि त्याला ते मी तोंडाने सांगितलं, तो हयात असताना, धडधाकट असताना, त्याच्या समोर उभं राहून. जेमतेम गाठलं, पण गाठलं. म्हणून हा लेख रडका होणार नाही. कोणाला रडायचं असेल त्यांनी खुशाल रडावं. मी मात्र थोडी फुशारकी मारणार आहे, कारण आयुष्यात फुशारकी मारण्यासारखी हीच एक गोष्ट माझ्या हातून झाली.

आम्ही दोघं ऑपरेटर. म्हणजे सिनेमाचे. चिपळुणात तेव्हा जी टॉकीज होती, तिच्या केबिनमध्ये दोन मशीन होती, डावं माझं, उजवं त्याचं. मी गावातलाच, तो देवरूखच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला, शेतकऱ्याचा मुलगा. मामाच्या ओळखीने आला तेव्हा वीस वर्षांचा होता आणि दिवसभरात चार शब्द बोलायचा. ज्यांनी जुनी टॉकीज आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. अख्खा पिच्चर एका रिळात मावत नाही. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका लुकलुकतो. पहिला ठिपका दिसला की दुसऱ्याने आपलं मशीन सुरू करायचं. दुसरा दिसला की एकाने झडप पाडायची आणि दुसऱ्याने त्याच क्षणी उघडायची. जमलं तर खाली बसलेल्या पब्लिकला पत्ताही लागत नाही की आत्ता इथे माणूस बदलला. चुकलं तर पडदा पांढरा पडतो आणि आईबहिणीचा उद्धार होतो. आमचा पडदा पंचवीस-तीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पांढरा पडला. मशीनच्या आवाजात बोलणं शक्य नसायचं. तो खांदा जरासा पुढे काढायचा आणि मला समजायचं.

दिवसाला तीन खेळ, आणि बहुतेक प्रेमाचेच. नायक नायिकेला रोज तीनदा सांगायचा की तुझ्यावाचून मी जगू शकत नाही, आणि आम्ही दोघं शेजारशेजारच्या दोन चौकोनी भोकांतून ते बघायचो, दोघांची तोंडं पडद्याकडे. एकमेकांकडे बघायची वेळ यायची नाही. ती येऊ नये याची आम्हीच काळजी घेत होतो, हे आता ध्यानात येतं. दत्तारामाला नायक घुटमळला की भयंकर राग यायचा. मध्यंतरात चहा पिताना तणतणायचा, "हा बोलत का नाय रे मेला? एक वाक्य बोलला असता तर पिच्चर दुसऱ्या रिळाला संपला असता!" मी म्हणायचो, "मग आपण दोघं घरी बसलो असतो." यावर आम्ही पोट धरधरून हसायचो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा आम्ही रोज तीन वेळा घालत होतो.

एकदा त्याच्या थोरल्या बहिणीने, पार्वतीबायने, त्याच्यासाठी मुली बघायचा घाट घातला. बाय म्हणजे वादळच. लहानपणीच आई गेलेल्या दोन भावांना तिने वाढवलं, त्यामुळे तिचा शब्द म्हणजे शब्द. पहिली मुलगी बघायला दत्ताराम सकाळच्या गाडीने गेला आणि दुपारच्या खेळाला दोन्ही मशीन माझ्या गळ्यात पडली. मला काय झालं होतं कोण जाणे. डोकं ठिकाणावर नव्हतं. अकरावं रीळ मी आठव्याच्या आधी चढवलं. नायिकेला आधी मूल झालं आणि मग तिचं नायकाशी लग्न लागलं! खाली शिट्ट्यांचा पाऊस. मॅनेजर वर येऊन माझ्या सात पिढ्या मोजून गेला. एक चष्मेवाले गृहस्थ मात्र खेळ सुटल्यावर सांगून गेले, की असं मागून पुढे गोष्ट सांगायची रीत फार आवडली. सहाच्या सुमाराला दत्ताराम हजर. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "मुलगी चांगली होती. मी नाय म्हटलं." का? "शो चुकतो रे. रोजचे तीन खेळ, संसार कधी करायचा?" मी त्याला चांगला फैलावर घेतला. असल्या फालतू कारणासाठी सोन्यासारखी मुलगी नाकारतोस, अक्कल गहाण टाकलीस का, वगैरे. आणि मग जाऊन कांदाभजी आणली, दोघांना पुरून उरतील इतकी. मला इतका आनंद का झालाय, असा प्रश्न मला पडला नाही. पडू दिला नाही मी.

माझंही तेच. आईने स्थळ आणलं की माझा मंगळ आड यायचा. माझा मंगळ इतका गरीब होता की पहिल्या दोन ज्योतिषांना तो पत्रिकेत सापडलाच नव्हता. तिसऱ्याकडून मी तो शोधून घेतला. पुढे आई गेली आणि विषय मिटला. लोक आमच्याबद्दल काही वावगं बोलले असतील तर ते आमच्या कानावर आलं नाही. दोन ब्रह्मचारी ऑपरेटर, पिच्चर बघून बघून लग्नातला रस गेला असेल बिचाऱ्यांचा, असंच गाव समजत होतं. गावाला काय दोष द्यायचा? आम्हीही तेच समजत होतो.

टॉकीज बंद पडली. मी एका वकिलांकडे कागद लिहायला लागलो. दत्तारामाने बाजारात एका जुन्या घरात पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान काढलं, पुढे दुकान, मागे एक खोली. रविवारी दुपारी तो माझ्याकडे जेवायला यायचा आणि चार वाजता परत जायचा. तो जाताना मी न चुकता भांडायचो. कशावरूनही... मीठ, पाऊस, मंत्री. रविवारी संध्याकाळी माझं डोकं फिरतं, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कारण सोमवारी वकिलांकडे जायचं असतं ना!

मग तो पूर आला. चिपळूणकरांना कुठला ते सांगायला नको. वाशिष्ठी बाजारात शिरली आणि दत्तारामाच्या दुकानात माळ्याला हात लावून गेली. माझं घर चढावावर, मला काही झालं नाही. पाणी ओसरल्यावर तो माझ्या दारात उभा राहिला, कमरेपर्यंत चिखल, हातात प्लास्टिकमध्ये बांधलेले पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर. "चिखल निघेपर्यंत राहतो," म्हणाला. मी म्हटलं, "बघ हं, पंधरा दिवस." चिखल बाराव्या दिवशी निघाला. मी जाऊन बघून आलो आणि त्याला सांगितलं, भिंतींना ओल आहे, एवढ्यात नको. त्यालाही पटलं. दोन महिन्यांनी विचारलं तर तो म्हणाला, ओल आहे. पुढच्या वर्षीही ओल होती. माधुरीवहिनी कुंपणापलीकडून विचारायच्या, "दत्ताकाका, गेली का ओल?" आणि आम्ही दोघं एका सुरात, "अजून नाही!" ज्या उन्हात आंबापोळी चार दिवसांत सुटून येते, त्या उन्हात तीन उन्हाळे आमची ती भिंत वाळत नव्हती. बरं, दुकान त्याने केव्हाच सुरू केलं होतं. त्याच ओल्या भिंतीला पाठ टेकून तो दिवसभर विजेची कामं करायचा. यात काही विचित्र आहे, असं आम्हाला चुकूनही वाटलं नाही. दोन शहाणी माणसं मिळून एक खोटं बोलायला लागली की कसं घट्ट बसतं बघा.

अशात देवरूखच्या कॉलेजातल्या मुलांचं बोलावणं आलं. त्यांचं सिनेमा बघणाऱ्यांचं एक मंडळ होतं. जुन्या ऑपरेटरांचा सत्कार करायचा, मग एक पिच्चर दाखवायचा आणि त्यावर गप्पा. आम्ही इस्त्रीचे शर्ट घालून गेलो. शाल मिळाली, नारळ मिळाला. पिच्चर होता दोन तरुणांचा. एका बंदरात राहतात, एका होडीवर काम करतात, एका ताटात जेवतात, एकमेकांच्या लग्नावरून चेष्टा करतात, आणि ज्या गोष्टीने दोघांचा जीव कासावीस झालेला आहे तिचा उच्चार शेवटपर्यंत करत नाहीत. अखेर एक जण गाव सोडून जातो आणि दुसरा धक्क्यावर उभा राहून हात हलवतो. संपलं. दिवे लागले तेव्हा मी घामाघूम झालो होतो. तोंडात शब्द नव्हता... पण हे फार वेळ टिकेल तर मी कसला! एका मुलीने उभं राहून विचारलं, "काका, तुम्ही इतक्या प्रेमकथा दाखवल्यात. या दोघांनी बोलायला हवं होतं, असं वाटतं का तुम्हाला?"

मी माईक ओढून घेतला. म्हटलं, अहो, बोलायला काही असेल तर बोलतील ना! ती निखळ दोस्ती आहे, तुम्ही हल्लीची मुलं भलतंच काढता. आता आमच्याकडेच बघा. जन्म गेला आमचा एकत्र, आज एका छपराखाली राहतो. आमच्यात कोणी असलं काही बघितलं तर चपलेने मारीन मी त्याला! सभागृह हसलं. टाळ्याही पडल्या. मी मोठ्या दिमाखात दत्तारामाकडे बघितलं. तो मान खाली घालून शालीची घडी करत होता. केली, मोडली, परत केली.

परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर बघत बसला होता. मी बडबडत होतो, मुलांनी चहा किती पाणचट दिला, वगैरे. संगमेश्वर आलं, गाडी थांबली, आवाज बंद झाला, आणि तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाळ्या, चपलेने का रे?"

"काय?" मी म्हटलं.

"काय नाय," तो म्हणाला. गाडी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर त्याची पिशवी दाराशी भरलेली. "ओल गेली," म्हणाला. "मी जातो घरी." एवढंच. आवाज चढला नाही, तोंड वाकडं केलं नाही. त्या वेळी मी त्याला अडवायला हवं होतं, पण माझ्या तोंडून निघालं, "जा की. कोणी बांधून ठेवलंय?" माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच, पण नको तेव्हा ती जास्तच चालते.

पाच दिवस काढले. भांडी आपटली, माधुरीवहिनींच्या मांजराला शिव्या घातल्या, वकिलांच्या कागदात वादीला प्रतिवादी केलं. तिसऱ्या दिवशी बाजारात त्याच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. भीती वाटत होती. लोकांची म्हणाल तर तितकी नाही. या वयात लोक काय वाकडं करणार? भीती स्वतःचीच होती. एकदा तोंडातून निघालं की मागची सगळी वर्षं बदलणार होती. शो चुकतो, मंगळ, रविवारचं भांडण, ओल... एकेकाचा अर्थ लागत जाणार होता आणि त्यात मी मूर्ख ठरणार होतो. पाचव्या दिवशी भात लावला, दोघांचा लावला गेला, आणि मग मला कळलं की मूर्ख तर मी ठरलेलोच आहे, आता प्रश्न एवढाच की त्याच्यासकट की त्याच्यावाचून.

सहाव्या दिवशी भर दुपारी गेलो. तो स्टुलावर बसून मिक्सर उघडत होता. मी सरळ मागच्या खोलीत गेलो आणि भिंतीवर हात ठेवला. खडखडीत कोरडी. तोही उठून मागे आला होता.

"ओल आहे," मी म्हटलं.

"नाय. कधीच वाळलीय."

"तुला माहीत होतं?"

"तुला नव्हतं?" तो म्हणाला.

आता बोलणार, तेवढ्यात पुढे एक बाई हाका मारायला लागली. तिचं मिक्सरचं भांडं गळत होतं. दत्ताराम शांतपणे बाहेर गेला, भांडं उलटं करून बघितलं, रबर गेलंय, दोन दिवसांनी या म्हणून सांगितलं, आणि परत माझ्यापुढे येऊन उभा राहिला. तेवढ्या वेळात मी पळून गेलो नाही, हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा पराक्रम. मी म्हटलं, "दत्ता, मी त्या मुलांपुढे खोटं बोललो. माझं तुझ्यावर प्रेम आहे. पहिल्यापासून. तू घरी चल."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याने असं सरळ बघितलेलं मला आठवत नाही. मग त्याचे डोळे भरून आले आणि नेहमीच्या त्या तणतणत्या सुरात म्हणाला, "चौथ्या रिळाला बोलायला हवं होतंस मेल्या. आता बोलतोस, पब्लिक उठायला लागल्यावर." मी म्हटलं, "एखादं रीळ शिल्लक असेल की." त्याने डोळे शर्टाच्या बाहीला पुसले. "माझंपण तसंच हाय रे," म्हणाला. "थांब. दुकान बंद करतो." भरदुपारी, गिऱ्हाइकाच्या वेळेला, दत्तारामाने दुकान बंद केलं. बाजारात चार लोकांनी विचारलं, काय झालं, कोण आजारी? "कोण नाय," तो सांगत होता. "घरी चाललोय."

त्यानंतर आम्हाला सोळा महिने मिळाले. थोडे, असं लोक म्हणतील. मी नाही म्हणणार. सोळा महिन्यांत एकाही रविवारी मी भांडलो नाही. भिंतीचं खोटं दोघांच्या डोक्यावरून उतरलं आणि घरात इतकी जागा झाली म्हणून सांगू... तो चार शब्द बोलणारा माणूस, बोलायला लागला. पहिल्या दिवशी केबिनमध्ये मी कुठला शर्ट घातला होता ते त्याने मला सांगितलं. मला सांगता आलं नाही, तर तीन दिवस ऐकवलंन. त्या वैशाखात पार्वतीबाय आली, भलामोठा कापा फणस घेऊन. पायरीवर बसून, हाताला तेल लावून ती तो फोडत होती, तेव्हा दत्ताराम माझ्यादेखत तिला म्हणाला, "बाय, मी आता बाळ्याकडेच राहणार. कायमचा. त्याच्याबरोबर." माझी पाचावर धारण बसली. बायने कोयता खाली ठेवला नाही. एक गरा सोडवून त्याच्या हातावर ठेवला, एक माझ्या. "पंधरा मुली दावल्या तुला मी," ती म्हणाली. "पंधरा! सोळावी कशापायी नाय दावली, काय वाटला तुला? बरा झाला. उजाडला एकदाचा म्हाताऱ्यांना." आणि मग घरात कुळीथ आहे का, म्हणून आत गेली.

पण घरात माहीत असणं वेगळं आणि चार माणसांत माहीत असणं वेगळं. तो गेला तेव्हा ते कळलं. त्याला गावी नेलं. मुंबईहून धाकटा भाऊ गणपत आला, अग्नी त्याने दिला, ते रीतीप्रमाणेच झालं. मी घोळक्यात मागे उभा होतो. सगळं आटोपल्यावर भटजी माझ्यापाशी आले. भला माणूस, माझ्या भल्यासाठीच बोलला. "तुम्ही फार केलंत त्यांचं," म्हणाले. "आता इथे नदीवर एक आंघोळ करा आणि मोकळे व्हा. मित्राला सुतक नसतं." एका आंघोळीत मोकळा! गणपतला तेरा दिवस, चुलत्यांना तेरा दिवस, पनवेलला राहणारा कुठला दूरचा पुतण्या, ज्याने त्याला जन्मात दोनदा बघितलं होतं, त्यालाही तेरा दिवस... आणि मला एक आंघोळ. जिभेला हाड नसलेला मी, नेमका तिथे गप्प बसलो. नदीवर गेलो, आंघोळ केली नाही, तसाच गाडीत बसून घरी आलो.

आणि घरी येऊन मी सुतक पाळलं. कोणाला न विचारता. दाढीला हात लावला नाही, बाजाराच्या वाटेला गेलो नाही, देवळाची पायरी चढलो नाही, चटईवर झोपलो. आमची देवभक्ती बेताचीच, दोघांचीही. पण ज्याच्यासाठी हे करावं असं माणूस मला होतं, एवढं तरी मला माझ्यापुढे कबूल करायचं होतं. आठव्या दिवशी माधुरीवहिनी कुंकवाचा करंडा आणि अक्षता घेऊन कुंपणाशी आल्या. त्यांच्याकडे सत्यनारायण होता. "काका, तीर्थप्रसादाला या. तेवढंच मन रमेल."

"वहिनी, मला सुतक आहे," मी म्हटलं.

त्या गोंधळल्या. "अहो, पण मित्राचं कसलं..."

"मित्राचं नाही." आवाज बहुधा चढला असावा, कारण पलीकडच्या गच्चीवरचं बोलणं थांबलं. "माझ्या घरातला माणूस गेलाय. माझं माणूस गेलंय. तेरावं होईपर्यंत मी देवाच्या कामाला येत नाही." ज्या तोंडाने मी भरल्या सभागृहात चपलेची भाषा केली होती, त्याच तोंडाने बोललो, आणि तेवढ्याच मोठ्याने.

वहिनी करंडा तसाच घेऊन परत गेल्या. झालं, मी म्हटलं, आता कुंपणापलीकडची हाकही गेली. अर्ध्या तासाने फाटक वाजलं. हातात झाकलेलं ताट, भात आणि पिठलं. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी द्यायचं असतं तसं. चांगल्याच रागावल्या होत्या. "आधी सांगायचं नाही का?" म्हणाल्या. "आठ दिवस स्वतः रांधून खाताय! आम्ही काय मेलो होतो?" मी ते पिठलं-भात ओट्यापाशी उभ्यानेच खाल्लं आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडलो. पण सांगतो, ते रडणं हरलेल्या माणसाचं नव्हतं.

तेराव्याला गावी गेलो. आमच्याकडे त्या दिवशी सोयरे नवी टोपी आणि टॉवेल आणतात. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला पाटावर बसवतात, टोपी घालतात, की तो सुतकातून सुटला, पुन्हा कामाधंद्याला लागायला मोकळा. पहिली टोपी सगळ्यात जवळच्या माणसाला. ओटीवर पाट मांडला होता, गणपत त्यावर बसला होता. सगळी वाडी अंगणात. मी पडवीत, परगावच्या लोकांत. पार्वतीबाय ताट घेऊन आली आणि पाटाच्या बाजूने सरळ पुढे निघाली. लोक बाजूला झाले. ती माझ्यासमोर येऊन थांबली.

"पाटावर चला," म्हणाली.

भटजी हळूच म्हणाले, "पार्वतीबाई, पहिली गणपतला. यांना सुतक..."

"भटजीकाका," बाय म्हणाली, आणि अंगणाच्या शेवटापर्यंत ऐकू जाईल अशी म्हणाली, "मंत्र तुमी सांगा. मानूस कुनाचा व्हता त्ये आमी सांगू. माझा भाव यांच्या घरातनं गेलाय."

गणपत पाटावरून उठला. मला वाटलं रागावला. त्याने माझा हात धरला, मला पाटावर बसवलं आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसला. बायने टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. भटजींनी घसा साफ केला आणि मंत्र सुरू केला. पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्याने मला नमस्कार केला, आणि मग बाकीच्यांनीही.

टोपी माझ्या डोक्याला लहान आहे, कानावर टेकते. जन्मात टोपी घातली नव्हती, त्यामुळे मला ती कशी दिसत असेल देव जाणे. पण संध्याकाळच्या एसटीत बसलो तरी मी ती काढली नाही. कोरी पांढरी टोपी आणि वाढलेली दाढी बघून आमच्याकडे कोणालाही कळतं काय ते. कंडक्टर तिकीट देता देता थांबला. "कोण गेलं, काका?"

शेजारची जागा रिकामी होती. मी त्याला बस म्हटलं आणि सांगायला सुरुवात केली. चिपळूण आलं तरी माझं सांगून झालं नव्हतं.